काचेच्या टाकीत वैनगंगेची रेती

आमच्या घरात फिशटँक आला तो कुणाच्या हौसेपायी नाही. सासऱ्यांनी गावाची बस पकडू नये म्हणून आला. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. त्याला अजून वाटतं की बायकोला एकाएकी मासे आवडायला लागले.

सासरे चामोर्शीकडच्या आमच्या गावात एकटे राहायचे. जन्मभर वैनगंगेत जाळं टाकलेला माणूस. सासूबाई गेल्या तरी त्यांनी नदी सोडली नाही. दिवाळीच्या आधी ते स्वतःच्याच अंगणात पडले, उजवा हात मोडला आणि शेजारची बाई दूध घेऊन येईपर्यंत दोन तास तिथेच पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, हात जुळेल, पण यांना आता एकटं ठेवू नका. पुन्हा पडले आणि तेव्हा दूधवाली आलीच नाही तर? हा प्रश्न डोक्यात घेऊन आम्ही त्यांना घुग्घुसला आणलं. नवरा इथे कोळशाच्या खाणीत शिफ्टवर जातो, मी शाळेत शिकवते, आणि राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. खिडकीची पट्टी सकाळी पुसली की दुपारी तिच्यावर बोटानं अक्षरं काढता येतात, इतकी इथे धूळ.

पहिल्या दिवसापासून त्यांनी घोषा लावला. सकाळी मी पोळ्या लाटायला बसले की दारात उभे राहून विचारायचे, "पयली बस कवा आहे?"

"साडेसहाला होती मामाजी, गेली."

"मंग उद्याची पायतो."

रोज हेच. हाताचं प्लास्टर निघालं आणि त्यांच्या आवाजात जोर आला. नवरा म्हणाला, बाबा हट्टी आहेत, एक दिवस आपण दोघं ड्युटीवर असताना खरंच निघून जातील. माझा स्वभाव तापट. वर्गात माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा हाताची घडी घालतात, असं शाळेतल्या बाई सांगतात. पण सासऱ्यांवर ओरडायची सोय नव्हती. मी आतल्या आत धुमसायची आणि पोळ्या करपवायची.

त्यातच समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंच्या नवऱ्याची बदली झाली. सामान बांधताना त्यांनी मला बोलावलं. दोन हात लांब काचेची टाकी, हवेचा पंप, फिल्टर, झाकणातला दिवा, सगळं तसंच्या तसं होतं. म्हणाल्या, "घेऊन जा, ट्रकमध्ये फुटून जाईल." मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि एकदम डोक्यात आलं, ज्या माणसाला नदी हवी आहे त्याला निदान पाणी तरी मिळेल. दोघींनी धरून ती टाकी आमच्या पुढच्या खोलीत आणली. सासरे बाजेवर बसून आवाज ऐकत होते.

"का आणलं?"

"मासे ठेवायची टाकी, मामाजी."

"अन् खायाच्या कवा?"

"खायचे नाहीत. पाहायचे."

"निस्त्या पाहाच्या?" ते इतके मनापासून हसले की त्यांना ठसका लागला. घुग्घुसला आल्यापासून पहिल्यांदा हसले होते. मी तिथेच ठरवलं की ही टाकी चालवायचीच.

चंद्रपूरला जाऊन मासे विकणाऱ्या दुकानदाराला गाठलं. मी गप्पी, मॉली अशी यादीच घेऊन गेले होते, पण त्यानं एक मासा दिला नाही. "मॅडम, सगळे एकच चूक करतात. सकाळी टाकी भरतात, संध्याकाळी मासे सोडतात अन् दोन दिवसांनी मला शिव्या द्यायला येतात. आधी आठ दिवस नुसतं पाणी फिरू द्या. नळाचं पाणी थेट टाकू नका, एक दिवस उघडं राहू द्या, औषधाचा वास उडतो. रेती धुवा, पाणी निवळशंख येईपर्यंत धुवा. अन् मासे हळूहळू वाढवा." मला शिक्षकासारखं बोलणारी माणसं आवडत नाहीत, कारण ते माझं काम आहे. पण मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि निळ्या रेतीची एक पिशवी घेऊन परत आले.

मग आठ दिवस आमच्या घरात रिकामी टाकी बुडबुडत राहिली. येणारा जाणारा वाकून पाहायचा आणि विचारायचा, मासे कुठे आहेत? नवरा म्हणायचा, "मासे फार लाजाळू आहेत." सासरे मात्र त्या बिनमाशांच्या पाण्यासमोर खुर्ची ओढून बसायला लागले. "नदीवानी नाई," ते एकदा म्हणाले, "पन आवाज येते." पाण्याबद्दल त्यांचं आणि त्या दुकानदाराचं एकमत निघालं. नळाच्या पाण्याचा वास घेऊन म्हणाले, "यात मासोळी कशी जगन? ड्रमातलं टाक." आमच्याकडे नळ दिवसाआड येतो, त्यामुळे मोरीत दोन ड्रम कायम भरलेले. त्या ड्रमांवरून मी नवऱ्याशी किती भांडले असेन, जागा अडवतात म्हणून. आता त्यांची किंमत कळली.

आधी चार मासे आणले, पंधरा दिवसांनी आणखी चार. सहा गप्पी, एक पांढरी मॉली आणि एक काळी मॉली. सासरे काळीवर खूश. काचेला नाक टेकवून बसायचे आणि मधूनच विचारायचे, "काळी कुठी आहे?"

"समोर तर आहे मामाजी, तुमच्या नाकासमोर!"

"हो हो, दिसली."

मला वाटायचं मला मुद्दाम कामातून उठवतात. त्या वेळी मी जरा थांबून विचार करायला हवा होता. जो माणूस सत्तर वर्षं पाण्यावरच्या नुसत्या तरंगावरून मासा ओळखायचा, त्याला काचेतली काळी मासोळी विचारावी का लागत होती? पण मी वह्या तपासत होते, आणि माझं लक्ष नव्हतं.

बसचा प्रश्न थांबला नाही. फक्त आता तो माशांना दाणे टाकून झाल्यावर यायचा. तेवढाच अर्धा तास मिळाला म्हणून मी समाधान मानत होते.

निळी रेती त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होती. "निळी रेती कोन्त्या नदीत असते वो बाई? मासोळ्याईले का वाटत असन?" संक्रांतीनंतर गावात भावकीत लग्न निघालं. नवरा त्यांना घेऊन गेला आणि इकडे दिवसभर माझा जीव टांगणीला लागला. मला खात्री होती की आता हे काही परत येत नाहीत. घराला कुलूप आहे, पण कुलूप काय, ते दगडानंही उघडतील. संध्याकाळी दारात आधी नवरा दिसला, खांद्यावर पोतं, घामानं ओला. मागून सासरे आले, भिंतीला हात लावत लावत.

"वैनगंगेची रेती आहे," ते म्हणाले. "नदीत उतरून सोता भरली."

ते परत आले याचाच मला इतका आनंद झाला की मी पोत्याकडे धड पाहिलंही नाही.

रविवारी दुपारी आम्ही रेती बदलायला घेतली. नवरा पहिल्या शिफ्टला गेला होता. मासे एका पातेल्यात काढून ठेवले, निळी रेती उपसली. वैनगंगेची रेती बादलीत घेऊन मी धुवायला बसले तर पाण्यावर हा एवढा फेस आला. मला वाटलं, नवऱ्याचे ड्युटीचे कपडे याच बादलीत भिजवतो आपण, साबण राहिला असेल. दुसऱ्यांदा धुवायला घेणार, तेवढ्यात सासरे वैतागले.

"नदीनं जनमभर धुतलेली रेती तू बादलीत घासून का करते? टाक न आता, मासोळ्या घाबरून राह्यल्या."

दुकानदाराचं वाक्य माझ्या वहीत होतं. पाणी निवळशंख येईपर्यंत धुवा. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह पाहून मला ते वाक्य आठवावंसं वाटलं नाही. एकदा धुतलेली रेती तशीच टाकीत पसरली, जुनं पाणी परत भरलं, मासे सोडले, पंप लावला. खरंच सुंदर दिसत होतं. निळ्या प्लॅस्टिकसारख्या खड्यांपेक्षा ती भुरी रेती आणि तिच्यावरून फिरणारी काळी मासोळी पाहून मला स्वतःलाच गावाची आठवण आली.

अर्ध्या तासानं मी चहा घेऊन आले तेव्हा पाण्यावर फेसाचा थर उभा होता. बुडबुडे फुटत नव्हते, एकावर एक चढत होते. आणि आठही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. एक गप्पी आडवा झाला होता.

"मामाजी, मासे तोंड वर काढून राहिलेत!" घाबरले की मीसुद्धा अर्धं गावाकडचंच बोलते. आणि लगेच माझा पारा चढला, स्वतःवरच. "साबण आहे पाण्यात! मीच मेलीनं ती बादली घेतली. धुतली असती नीट तर काय बिघडलं असतं?"

सासरे उठले. टाकीपर्यंत आले, झाकण काढलं आणि हात पाण्यात बुडवला. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. मग ओला हात नाकाशी नेला. त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाटलं आता हेच खाली बसतात.

"साबन नाई," ते म्हणाले. "टोळ आहे."

आमच्याकडे मोहाच्या फळाला टोळ म्हणतात. तिचं तेल काढून जी ढेप उरते ती धानाच्या पऱ्ह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात टाकतात. पाण्यात तिचा साबणासारखा फेस होतो. खेकडे, गोगलगाई मरतात. साचलेल्या पाण्यात टाकली तर मासे गुदमरून वर येतात आणि हातानं वेचता येतात. नदीकाठी जन्मलेल्या माणसाला हे मला पाढे यावेत तसं पाठ. ज्या पोत्यात त्यांनी मागच्या खरिपात टोळीची ढेप ठेवली होती, त्याच पोत्यात ते वैनगंगेची रेती भरून घेऊन आले होते.

"ड्रम," ते ओरडले. "ड्रमातलं पानी आन. लवकर!"

मी मोरीतून घमेलं भरून आणलं, मग दुसरं. त्यांनी पंपाची नळी टाकीतून ओढून घमेल्यात सोडली आणि उकिडवे बसले. मी जाळीनं मासे काढून देत होते, ते एकेक मासा ओंजळीत घेऊन बुडबुड्यांच्या समोर धरत होते, तोंड बुडबुड्यांकडे करून, हळूहळू पुढे-मागे करत. दोन गप्पी हाताला लागेपर्यंत गेलेच होते. बाकीचे घमेल्याच्या तळाशी पडून श्वास घेत होते. काळी मॉली सगळ्यात वाईट होती. तिला त्यांनी खाली ठेवलंच नाही.

"सत्तर वर्षं मासोळ्या मारल्या," ते पुटपुटले. "जिंदगीत पयल्यांदा एक मरू नोको म्हनून राह्यलो."

मी तिसरं घमेलं भरून आणलं आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. मग ते आपणहून बोलले, माझ्याकडे न पाहता.

"पोतं झटकलं होतं मी. दोनदा झटकलं. आतून हातबी फिरवला. पन शिवणीत राह्यली असन, अन् ते मले दिसलं नाई."

"असू द्या मामाजी. चुकतं माणसाचं."

"चुकलं नाई. दिसलं नाई." त्यांनी ओंजळ पाण्याखालीच धरली होती. "मले काईच धड दिसत नाई बाई. दोन वर्सं झाले. अंगनात पडलो तं काऊन पडलो? मधात घमेलं ठेवलं होतं, मले दिसलंच नाई. हे काळी बी मले नुस्ती सावलीवानी दिसते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी ऑपरेशन म्हनसान. डोळ्यात सुई." मग ते म्हणाले, "अन् आंधळ्या मानसाले नदीवर कोन जाऊ देते?"

तोपर्यंत मला वाटत होतं की आम्ही एका हट्टी म्हाताऱ्याशी झुंजतो आहोत. रोजचा बसचा प्रश्न, भिंतीला हात लावत चालणं, काचेला नाक टेकवणं, सगळं एका झटक्यात जागेवर बसलं आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी त्यांना रोज सांगत होते, नाकासमोर आहे, नाकासमोर आहे. गावी गेले असते तर पुन्हा पडले असते, आणि ते का पडतात हे आम्हाला कधीच कळलं नसतं. ओरडावं असंही वाटलं, दोन वर्षं लपवून ठेवलं म्हणून. पण ओरडण्याच्या आधी मला रडू आलं, तेव्हा ओरडणं राहूनच गेलं.

"रडू नोको," ते गडबडून म्हणाले. "जगन ते."

त्यांना वाटलं मी मासोळीसाठी रडते आहे. मी तसंच वाटू दिलं.

नवरा चारच्या सुमारास घरी आला तेव्हा आम्ही दोघं तीन घमेल्यांच्या मधोमध बसलो होतो आणि सगळी खोली ओली होती. काळी मॉली त्यांच्या ओंजळीतून सुटून घमेल्यात दोन वेळा फिरली होती, वाकडीतिकडी, पण स्वतःच्या बळावर. सासऱ्यांनी हात पाण्यातून काढले तेव्हा बोटं सुरकुतली होती. नवऱ्यानं विचारलं, झालं काय? मी म्हटलं, "आधी मामाजींसाठी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्या, मग सांगते." सासरे नाही म्हणाले नाहीत. माझ्या छातीवरचं ओझं तिथेच उतरलं.

मेलेल्या दोन गप्पींना सासऱ्यांनी मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. टाकी आम्ही पाच वेळा धुतली, पुन्हा आठ दिवस नुसतं पाणी फिरवलं, आणि सहा मासे तोवर घमेल्यात कळ काढून राहिले. वैनगंगेची रेती फेकून द्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. मागच्या अंगणात रोज एक घमेलंभर रेती घ्यायची, धुवायची, उन्हात पसरायची, असा त्यांनी नेम धरला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. फेब्रुवारीत चंद्रपूरला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत जाताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "सुई कवा टोचली? मले तं समजलंच नाई." हिरवी पट्टी निघाली तेव्हा ते आधी माझ्याकडेच बघत बसले.

"तुले पांढरे केस आले वो बाई."

"तुमच्यामुळेच आले, मामाजी."

घरी आल्यावर टाकीसमोर खुर्ची ठेवली, ती दोन हात लांब. नाक काचेला टेकवलं नाही. बराच वेळ बसले. मग मला हाक मारून दाखवलं की काळी नुसती काळी नाही, तिच्या शेपटीच्या टोकाला पिवळं आहे. मी रोज टाकी पुसायची, धूळ काढायची, पण ते पिवळं मला कधी दिसलं नव्हतं.

पण मग मला वेगळीच धाकधूक लागली. आता त्यांना दिसत होतं. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर जपा, मग हिंडाफिरा. म्हणजे आता त्यांना अडवायला माझ्याकडे काही कारण उरलं नव्हतं. बसचा प्रश्न त्या रविवारपासून बंद होता, पण तो कधीही पुन्हा येईल म्हणून मी रोज सकाळी पोळ्या लाटताना कान दाराकडे ठेवायची. महिना झाला आणि मला ते वाट पाहणं सोसेना. नदी त्यांची आहे, घर त्यांचं आहे. मनावर दगड ठेवून मीच म्हटलं, "मामाजी, आता तुम्हाला चांगलं दिसतं. गावाला जायचं असेल तर पहिली बस साडेसहाला आहे. उद्याची पकडता येईल."

ते अंगणात घमेल्यातली रेती धुत होते. पाणी ओतून टाकलं, रेती तळहातावर घेऊन उजेडात धरली, एक बारीकसा तपकिरी कण शोधून काढून बाजूला फेकला.

"नळ कवा येते?"

"परवा येईल."

"परवा पानी बदलाचं आहे टाकीचं," ते म्हणाले, "अन् तू मले उद्याची बस काऊन सांगून राह्यली?"

मी आत गेले. चहा ठेवला आणि ओट्याला टेकून पोटभर रडले. त्या गडबडीत चहात साखर दोनदा पडली. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला आणि पुन्हा रेती धुवायला बसले.